भिंग बसवलं, तरी चष्मा का?

वाचकांचे प्रश्न, नेत्रशल्यविशारदांची उत्तरं

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी ६३ वर्षांची आहे. गेली ३५ वर्षं मुद्रितशोधनाचं काम करते, अजूनही घरून चालू आहे. लहानपणापासून दोन्ही डोळ्यांना मायनस ४ च्या आसपास नंबर होता. चष्मा लावायचा तो दूरचं बघायला. प्रुफं मात्र कायम चष्मा काढून, कागद नाकाजवळ धरून तपासली. बरोबरीच्या सगळ्यांना चाळिशी लागली, मला कधी लागली नाही.

अकरा आठवड्यांपूर्वी उजव्या आणि नंतर दोन आठवड्यांनी डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दोन्हीकडे मल्टिफोकल भिंग बसवलं. ‘दूरचं, जवळचं सगळं दिसेल, चष्मा लागणार नाही,’ असं सांगितलं होतं, म्हणूनच ते महागाचं भिंग निवडलं. दूरचं छान दिसतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण प्रूफ हातात घेतलं की अनुस्वार गळतात. ‘प’ आणि ‘ष’ सारखेच वाटतात. परवा मी ‘त्याने’ आणि ‘त्यांनी’मधला फरक सोडून पुढे गेले. असं माझ्या हातून आजवर झालेलं नाही. संध्याकाळनंतर तर काम बंदच ठेवते. रात्री दिव्यांभोवती वलयं दिसतात.

ऑपरेशन केलेले डॉक्टर म्हणतात, सगळं उत्तम आहे. चष्म्याच्या दुकानात यंत्राने तपासलं, तर दोन्ही डोळ्यांना मायनस १ आणि शिवाय उजव्याला मायनस १.२५ सिलिंडर असा नंबर निघाला. तिथे प्रोग्रेसिव्ह, म्हणजे वर दूरचा आणि खाली जवळचा नंबर असलेला चष्मा घ्यायला सांगताहेत. मग हे भिंग बसवलं कशाला? ऑपरेशन फसलं का? चष्मा लावला तर डोळ्यांना सवय लागून नंबर वाढेल का? भिंग बदलून घ्यावं का?

— एक मुद्रितशोधक

उत्तर : ताई, डोळ्यांच्या तक्रारी ऐकताना ‘धूसर दिसतं’ हे दोन शब्द मी दिवसातून पन्नास वेळा ऐकते आणि त्यातून काहीच कळत नाही. तुम्ही मात्र ‘अनुस्वार गळतात’ असं लिहिलंत आणि अर्धं निदान तिथेच झालं. अनुस्वाराचा ठिपका म्हणजे पानावरची सगळ्यात बारीक खूण. ‘प’च्या पोटात तिरकी रेघ आली की ‘ष’ होतो, तीही तेवढीच बारीक. मोठी अक्षरं दिसताहेत आणि बारीक खुणा पुसल्या जाताहेत, याचा अर्थ प्रकाश डोळ्यामागच्या पडद्यावर (रेटिनावर) पोहोचतोय, पण त्याची धार बोथट झाली आहे. ती कुठे बोथट होतेय, हे शोधायचं आहे.

तुमच्या पत्रातून जेवढं दिसतंय त्यावरून ऑपरेशन फसलेलं नाही. चष्मा लावल्याने नंबर वाढत नाही. बसवलेलं भिंग ना थकतं ना आळशी होतं. त्याला सवय लागायला ते काही स्नायू नाही. या दोन गोष्टींचं ओझं आधी उतरवून ठेवा. आता उरलेल्याकडे सावकाश बघू.

आपलं जन्मजात भिंग तरुणपणी मऊ असतं, जवळचं बघताना ते फुगतं. वयानुसार ते कडक होत जातं आणि चाळिशी लागते. मल्टिफोकल भिंग फुगत नाही की हलत नाही. अशा बहुतेक भिंगांवर केसाहून बारीक पायऱ्यांची वर्तुळं कोरलेली असतात आणि ती आत येणाऱ्या प्रकाशाची वाटणी करतात : काही दूरच्या दृश्यासाठी, काही जवळच्या. दोनच फोकस असलेल्या आणि समसमान वाटणी करणाऱ्या भिंगात दूरसाठी साधारण ४१ टक्के प्रकाश जातो, जवळसाठी ४१ टक्के, आणि उरलेले १८ टक्के कुठल्याच कामाचे राहत नाहीत. तीन फोकसांच्या भिंगात वाटेकरी आणखी एक वाढतो. म्हणजे तुम्ही प्रूफ वाचता तेव्हा डोळ्यात शिरलेल्या प्रकाशाचा अर्ध्याहून कमी भाग त्या ओळीच्या कामी येतो. बाकीचा धूसर होऊन त्याच पडद्यावर पसरतो. रात्री दिव्याभोवती दिसणारी वलयं हीच : दूरच्या दिव्याचं चित्र नेमकं उमटतं, आणि त्याच्याभोवती जवळच्या फोकसने केलेलं त्याच दिव्याचं पसरट चित्र. दिवसा लख्ख उजेडात ही वाटणी जाणवत नाही. संध्याकाळी मुळातच प्रकाश कमी, त्यात बाहुली मोठी होते. काही भिंगांची रचना अशी असते, की बाहुली मोठी झाली की जास्त वाटा दूरच्या दृश्याकडे जातो. तुमचं काम संध्याकाळी बंद पडतं ते यामुळे.

प्रकाश असा आधीच वाटला गेलेला असताना डोळ्यात थोडासाही नंबर उरला, की त्याचा त्रास साध्या भिंगापेक्षा जास्त होतो. सिलिंडर म्हणजे बुबुळाचा, डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाचा, बाक सगळीकडे सारखा नसल्याने येणारा नंबर, आणि डायॉप्टर हे नंबराचं माप. एकाच फोकसचं साधं भिंग असतं तर पाऊण डायॉप्टरचा सिलिंडर बऱ्याच लोकांच्या लक्षातही येत नाही. मल्टिफोकल भिंगाला तेवढाच सिलिंडर सोसत नाही. दूरचं आणि जवळचं अशी दोन्ही चित्रं एकदम बोथट होतात. तुमच्या उजव्या डोळ्यात १.२५ आहे. माझा पहिला संशय तिथेच आहे.

हा नंबर उरतो कसा? भिंगाची ताकद ठरवताना डोळ्याची लांबी मोजतात आणि त्या मोजमापात ०.१ मिलिमीटर इकडेतिकडे झालं तरी नंबरात साधारण पाव डायॉप्टरचा फरक पडतो. भिंगं बहुतेक अर्ध्या अर्ध्या डायॉप्टरच्या टप्प्यांत मिळतात, तुमच्या डोळ्याला लागणारा आकडा अधेमधे पडला तर जवळचा घ्यावा लागतो. आणि भिंग जन्मजात भिंगाच्या रिकाम्या पिशवीत नेमकं किती आत जाऊन बसेल, हा तर ऑपरेशनआधी बांधलेला अंदाज असतो. उत्तम यंत्र, काळजीपूर्वक हात, सगळं असूनही चार-पाच जणांमागे एकाचा नंबर अर्ध्या डायॉप्टरपलीकडे राहतो. सिलिंडरचं आणखी एक कारण आहे. बुबुळाच्या पुढच्या पृष्ठभागाचा बाक सगळे मोजतात, मागच्या पृष्ठभागाचा बाक मात्र पुष्कळ ठिकाणी मोजला जात नाही, आणि तो सरासरी पाव-अर्ध्या डायॉप्टरची भर घालतो. तुमच्या डॉक्टरांना कागदावर सिलिंडर लहान दिसला असेल आणि म्हणून त्यांनी सिलिंडर घालवणारं टॉरिक भिंग निवडलं नसेल, हे मला सहज पटतं. कारण मीही तेच केलं होतं.

माझ्या थोरल्या बहिणीच्या दोन्ही डोळ्यांत मी स्वतः मल्टिफोकल भिंगं बसवली. ‘आता चष्मा विसरायचा,’ असं तिला मीच सांगितलं होतं. पाचव्या आठवड्यात न कळवता तिच्याकडे गेले. ती खिडकीशी उभी राहून औषधाच्या पट्टीवरची मुदत वाचत होती आणि तिच्या नाकावर भावजींचा प्लस २.५ चा चष्मा होता. मला बघताच तिने तो काढून उशीखाली सरकवला. म्हणाली, ‘तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही.’ डाव्या डोळ्यात एक डायॉप्टरचा सिलिंडर उरला होता. ऑपरेशनआधीच्या कागदावर तो पाऊण होता आणि ‘एवढ्याने काय होतंय’ म्हणून मी तो सोडून दिला होता. ती पाच आठवडे माझ्यापासून चष्मा लपवत राहिली, हे मला आजही लागतं. त्यानंतर ‘चष्मा लागणार नाही’ हे वाक्य मी कुणाही पेशंटला म्हटलेलं नाही. ‘दिवसातली बरीच कामं चष्म्याविना होतील, काहींना लागेल,’ असं सांगते, आणि कुठल्या कामांना लागेल हे आधी विचारून घेते.

तुमच्या बाबतीत हा प्रश्न कुणी विचारला नाही असं दिसतं. तो म्हणजे, तुम्ही प्रूफ किती अंतरावर धरता?

मायनस ४ चा डोळा चष्म्याविना २५ सेंटिमीटरवर लख्ख बघतो. ३५ वर्षं तुम्ही तिथे कागद धरलात. हाताला, मानेला, कोपराला ते अंतर पाठ झालेलं आहे. तुमच्या भिंगाचा जवळचा फोकस मात्र बहुधा ४० सेंटिमीटरच्या आसपास आहे, आजच्या बहुतेक मल्टिफोकल भिंगांचा तो तिथेच असतो. म्हणजे कागद जुन्या जागी धरलात तर फोकस हुकतो, आणि नव्या जागी नेलात तर तेच अक्षर पूर्वीपेक्षा लहान दिसतं. २५ सेंटिमीटरवर ते तुम्हाला दीडपटीहून मोठं दिसायचं. ज्यांना चाळिशी लागली होती, ते कागद लांब धरायला आधीच शिकलेले असतात. या भिंगावर ते लवकर खूश होतात. तुमच्यासारख्या जवळचा डोळा तयार असलेल्या माणसाचं मात्र ऑपरेशनमध्ये काहीतरी हरवतं. ते भिंग निवडायच्या आधी सांगायला हवं होतं, तुमच्या हातात कागद देऊन दाखवायला हवं होतं. तुमची नाराजी रास्त आहे.

हे घरी तपासून बघा. सकाळच्या उजेडात खिडकीला पाठ करून बसा. रोजचंच प्रूफ घ्या. एक डोळा झाकून कागद हळूहळू लांब न्या, मग जवळ आणा. अनुस्वार जिथे सगळ्यात ठसठशीत दिसतो, तिथे थांबा आणि कुणाला तरी पट्टीने डोळ्यापासूनचं अंतर मोजायला सांगा. मग दुसरा डोळा. डावा ४० वर ठसठशीत वाचतोय आणि उजव्याला कुठेच धार येत नाहीये असं निघालं, तर बहुधा सिलिंडर दोषी. दोघांनाही ४० वर दिसतंय, पण तुम्ही धरता त्या जागी दिसत नाही असं निघालं, तर प्रश्न अंतराचा. तुमच्या बाबतीत दोन्ही थोडं थोडं असावं असं मला वाटतं.

त्याच बैठकीत आणखी एक बघा. अक्षर पुसट झाल्यावर दोन-तीनदा डोळे मिचकावले, की ते क्षणभर स्वच्छ होऊन पुन्हा पुसट होतं का? होत असेल तर डोळे कोरडे आहेत. ऑपरेशननंतर काही महिने कोरडेपणा वाढतो, आणि मुद्रितशोधक तर ओळीवर नजर रोवून पापणी मिटायचंच विसरतात. प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले कृत्रिम अश्रूंचे थेंब दिवसातून चार-सहा वेळा, दोन-तीन आठवडे घालून, मगच नंबर काढायला जा. कोरड्या डोळ्यावर काढलेला सिलिंडर सकाळी एक आणि दुपारी दुसरा निघतो.

आता दुकानातल्या त्या यंत्राच्या चिठ्ठीबद्दल. ते यंत्र डोळ्यात प्रकाश टाकून परत येणाऱ्या किरणांवरून नंबर काढतं. प्रकाश वाटणाऱ्या भिंगापुढे ते गोंधळतं आणि खोटा मायनस दाखवतं. दोन्ही डोळ्यांना अगदी सारखा मायनस १ निघाला आणि तुम्हाला तर दूरचं चष्म्याविना छान दिसतं, या दोन गोष्टी एकत्र खऱ्या असू शकत नाहीत. उजव्या डोळ्याचा सिलिंडर खरा असेल, तो मायनस १ बहुधा खरा नाही. नंबर काढायचा तो ट्रायल फ्रेममध्ये काचा बदलत, ‘आधीचं बरं की हे बरं’ असं विचारत, आणि सुरुवात प्लसच्या बाजूने करून. तपासणाऱ्याला पहिलंच वाक्य सांगा, ‘माझ्या डोळ्यांत मल्टिफोकल भिंग आहे.’ ऑपरेशननंतर मिळालेलं भिंगाचं कार्ड बरोबर न्या. त्याच्या चिकटपट्टीवर भिंगाचा प्रकार आणि ताकद छापलेली असते. त्यावरून जवळचा फोकस कुठे असायला हवा, हे त्यांना कळेल.

प्रोग्रेसिव्ह चष्मा घेऊ नका. दुकानात तो लावून बघाल तर वाचता येईल, म्हणून आधीच सांगून ठेवते. प्रोग्रेसिव्हच्या खालच्या भागात प्लस २.५ च्या आसपास ताकद असते. तेवढा प्लस डोळ्यावर चढला, की तुमच्या भिंगाचा दूरचा फोकस ४० सेंटिमीटरवर येतो आणि अक्षर दिसतं. माझ्या बहिणीला भावजींच्या चष्म्यातून दिसत होतं ते असंच. पण मग भिंगातला जवळचा फोकस नाकाशी, २० सेंटिमीटरवर ढकलला जातो आणि वायाच जातो. वर चष्म्याच्या दोन्ही कडांना धूसर पट्टे येतात, जिना उतरताना पायरी हलल्यासारखी वाटते. ज्याच्या डोळ्यातच दूर-जवळ दोन्ही बसवलेलं आहे, त्याच्या चष्म्यात ते पुन्हा भरायचं कारण नाही. दूरचा नंबर नेमका दुरुस्त केला, की जवळचंही त्याच काचेतून सुधारतं. एकाच नंबरची साधी काच पुरते.

तुमच्यासाठी मी दोन गोष्टी करून बघितल्या असत्या. पहिली, ट्रायल फ्रेममध्ये फक्त उजव्या डोळ्याचा सिलिंडर आणि डाव्याचा जो काही बारीक नंबर निघेल तो घालून, तुमच्याच प्रुफाचं पान तुमच्या हाती देऊन दहा मिनिटं वाचायला बसवलं असतं. दवाखान्यातला जवळच्या अक्षरांचा तक्ता यासाठी कामाचा नाही. दुसरी, त्याच्यावर प्लस १ ची काच चढवली असती. प्लस १ ने जवळचा फोकस ४० वरून साधारण २९ सेंटिमीटरवर येतो, म्हणजे तुमच्या जुन्या जागेच्या अगदी जवळ, आणि अक्षर पुन्हा मोठं होतं. माझा अंदाज आहे की अनुस्वार तिथे परत येतील. आले, तर तो चष्मा फक्त प्रुफांच्या टेबलावर ठेवायचा. उठताना काढायचा, कारण त्यातून दूरचं धूसर दिसेल. बाकी दिवसभर, स्वयंपाक, चालणं, मोबाईल, माणसांचे चेहरे, हे सगळं चष्म्याविना चालेल. रात्री बाहेर पडताना वलयं फार त्रास देत असतील तर प्लस १ नसलेला, नुसता सिलिंडरचा चष्मा लावून बघा. उरलेला नंबर दुरुस्त झाला की वलयंही आक्रसतात. मेंदूला या दुहेरी चित्राची सवय व्हायला तीन ते सहा महिने लागतात, काहींना वर्ष. तुमचे दोनच झालेत.

टेबलावर दिवाही हवा, आणि तो डाव्या खांद्यामागून कागदावर पडणारा. खोलीतला वरचा दिवा या भिंगाला पुरत नाही. या एका दिव्याने काहींचं संध्याकाळचं वाचन परत सुरू झालेलं मी पाहिलं आहे.

चष्मा करण्याआधी डॉक्टरांकडून एक खात्री मात्र करून घ्या : पडद्याचा ओसीटी, म्हणजे पडद्याच्या थरांचं प्रकाशाने काढलेलं स्कॅन. ऑपरेशननंतर चार ते सहा आठवड्यांच्या सुमाराला काहींच्या पडद्याच्या मध्यबिंदूवर सूज येते आणि अगदी अशीच बारीक अक्षरं पुसतात. ती औषधाने उतरते. पण सूज असताना चष्मा बनवला तर तो महिन्याभरात चुकीचा ठरतो. ‘सगळं उत्तम आहे’ हे फलकावरच्या ओळी मोजून म्हटलं होतं की ओसीटी बघून, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

आणि भिंग बदलणं. आत्ता नको. पण दार बंदही करू नका, आणि म्हणून हे नीट लक्षात ठेवा : कुणी सुचवलंच, तर घाईने याग लेझर करून घेऊ नका. ज्या पिशवीत भिंग बसलेलं असतं तिच्या मागच्या पापुद्र्याला लेझरने खिडकी पाडतात. त्या पापुद्र्यावर जाळी आलेली असेल, म्हणजे तो धूसर झाला असेल, तर तो उत्तम उपाय आहे. पण एकदा ती खिडकी पडली, की भिंग बदलण्याचं ऑपरेशन फार जोखमीचं होतं. तक्रार भिंगाच्या रचनेबद्दलच असेल आणि पापुद्रा स्वच्छ असेल, तर लेझरने काही साधत नाही आणि परतीची वाट मोडते. चष्मा नकोच असेल तर उजव्या डोळ्याचा सिलिंडर बुबुळावरच्या लेझरने काढता येतो, नंबर स्थिर झाल्यावर, साधारण तीन महिन्यांनंतर. त्याआधी तोच नंबर चष्म्यातून काही आठवडे वापरून बघायचा. चष्म्याने समाधान झालं तर लेझरनेही होईल. चष्म्याने झालं नाही, तर लेझरनेही होणार नाही.

प्रश्न : वय ५७. एका डोळ्यात चार आठवड्यांपूर्वी मल्टिफोकल भिंग बसवलं. वाचन चष्म्याविना होतं, पण रात्री गाडी चालवताना समोरच्या दिव्यांभोवती कडी दिसतात. कामामुळे रात्रीचं ड्रायव्हिंग टाळता येत नाही. पुढच्या महिन्यात दुसरा डोळा. त्यातही हेच बसवू का?

उत्तर : बसवलंच पाहिजे असं नाही, आणि महिन्याभरातच बसवलं पाहिजे असं तर मुळीच नाही. दुसऱ्या डोळ्याचा मोतीबिंदू फार पिकलेला नसेल तर तीन महिने थांबा. मोतीबिंदूही दिव्यांचा प्रकाश पसरवतो. आत्ता दिसणाऱ्या कड्यांत त्या न झालेल्या डोळ्याचा वाटा किती, हे एक डोळा झाकून घरी तपासता येईल, अर्थात गाडी थांबलेली असताना. झालेल्या डोळ्यात नंबर उरलाय का, हेही बघून घ्या. असला तर रात्रीसाठी तेवढ्या नंबरचा चष्मा लावून दोन आठवडे गाडी चालवा.

एवढं करूनही कडी त्रास देत असतील, तर दुसऱ्या डोळ्यात दूरचं एकाच फोकसचं साधं भिंग मी बसवलं असतं. रात्री दोन्ही डोळे उघडे असताना साध्या भिंगाचं स्वच्छ चित्र पुढे येतं. त्याची किंमत ही, की वाचन एका डोळ्याच्या जिवावर होईल आणि लांबलचक वाचनाला जवळचा चष्मा घ्यावा लागेल. तुमच्या कामात रात्रीचा रस्ता आहे. मी त्यालाच वजन दिलं असतं. शल्यविशारदांना ‘कडी दिसतात’ एवढंच सांगून थांबू नका, ‘मी रात्री गाडी चालवतो’ हे सांगा. आणि काचबिंदू किंवा पडद्याचा काही आजार असेल तर दुसऱ्या डोळ्यात मल्टिफोकल भिंगाचा विचारच सोडा.

प्रश्न : सहा वर्षांपूर्वी वडिलांना मल्टिफोकल भिंगं बसवली. पाच वर्षं चष्म्याविना सगळं वाचायचे. आता दूरचंही धूसर, जवळचंही. नंबर पुन्हा आला म्हणतात. भिंग जुनं झालं का?

उत्तर : भिंग जुनं होत नाही. हॅरोल्ड रिडली या शल्यविशारदांनी लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये २९ नोव्हेंबर १९४९ रोजी डोळ्यात पहिलं कृत्रिम भिंग बसवलं. त्याआधी महायुद्धातल्या वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या काचछताचे ॲक्रिलिकचे तुकडे घुसले, तरी डोळा ते मुकाट्याने सोसतो, हे त्यांनी पाहिलं होतं. भिंगासाठी द्रव्य निवडताना तीच गोष्ट त्यांच्या कामी आली. आजची बहुतेक भिंगं मऊ ॲक्रिलिकची असतात आणि जन्मभरासाठीच बसवतात.

पाच वर्षं चांगलं दिसून मग दूर-जवळ दोन्ही सावकाश पुसट झालं, म्हणजे बहुधा भिंगामागच्या पापुद्र्यावर जाळी आली आहे. बाहुली मोठी करून तपासलं की ती लगेच दिसते. वरच्या पत्रात मी ज्या याग लेझरला थांबा म्हटलं, तो इथे योग्य उपाय आहे : वडील या भिंगावर पाच वर्षं समाधानी होते, भिंग बदलायचा प्रश्न नाही. काही मिनिटांचं काम आहे, टाके नाहीत, त्याच दिवशी घरी येतील. मात्र लेझरआधी पडदा तपासून घ्या, कारण या वयात पडद्याची झीजही याच सुमाराला सुरू होते आणि तिथे लेझरचा उपयोग नाही.

जाळी काढल्यावरही थोडा सिलिंडर निघाला तर नवल मानू नका. वय वाढतं तसा बुबुळाचा बाक हळूहळू बदलतो, भिंग जागच्या जागी असलं तरी. लेझरनंतर दोन आठवडे थांबून नंबर काढा. तो चष्मा एकाच नंबरचा असू दे. आणि अचानक काळे ठिपके, चमका किंवा नजरेच्या एका बाजूला पडदा आल्यासारखं दिसलं, तर लेझरआधी असो की नंतर, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.